दादाच्या नावानं हजेरी

आमच्या इंदापूर तालुक्यात माणूस स्वतः हजर असलाच पाहिजे अशा जागा दोनच. लग्नात नवरदेव आणि मयतीत मेलेला. बाकी सगळीकडं दुसरा चालतो. सोसायटीच्या वार्षिक सभेला थोरल्याच्या नावापुढं धाकटा सही ठोकतो. पाण्याच्या पाळीला चुलत्याऐवजी पुतण्या दारं धरतो. ग्रामसभेला तर अख्ख्या आळीच्या सह्या एकाच हातानं, एकाच पेनानं होतात आणि कोरम पूर्ण झाला म्हणून ग्रामसेवक सुटकेचा श्वास टाकतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मला वाटायचं. बत्तीस वर्षं मी शाळेत हजेरी घेतली. दोस्तासाठी मागच्या बाकावरून "हजर" म्हणणारं पोरगं मी आवाजावरून ओळखायचो. एकदा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला धाकट्या भावाच्या जागी बसलेला थोरला मी पकडला आणि त्यांच्या बापाला बोलावून अर्धा तास सुनावलं. तो बिचारा म्हणाला, गुरुजी, भाऊच हाय की त्येचा. त्यावर मी आणखी अर्धा तास सुनावलं. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो तेव्हा भाषणं करणाऱ्यांनी माझ्या सचोटीचं इतकं कौतुक केलं की मलाच कंटाळा आला.

तर असा हा सचोटीचा पुतळा, वय वर्षं एकसष्ट, बारामतीच्या एका दवाखान्यात जाऊन आपल्या थोरल्या भावाच्या नावानं रक्त देऊन आला. कसा, ते सांगतो.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. अंथुर्ण्याला आमचं एकच घर, एकच चूल. शेत त्यानं बघायचं आणि कागद मी बघायचे, ही वाटणी वडील गेले तेव्हापासूनची. दोघांचं नाक एक, टक्कल एक. टोप्या घालून लासुर्ण्याच्या बाजारात गेलो की लोक त्याला मास्तर म्हणून नमस्कार करायचे आणि मला ढोबळी मिरचीचा भाव विचारायचे. मी भाव सांगायचो आणि तो आशीर्वाद द्यायचा.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला त्याची कंबर दुखायला लागली. दादाचं निदान ठरलेलं होतं: ट्रॅक्टरची सीट. त्यानं सीट बदलली. कंबर थांबली नाही, तेव्हा नव्या सीटला शिव्या घालून जुनी परत बसवली. मग तेल झालं, शेक झाला, एका गावात कुणी पाठीवर पाय देतो म्हणे, तोही देऊन झाला. लघवीला त्रास व्हायला लागला तो तर त्यानं कुणाला सांगितलाच नाही. वहिनींनी कपड्यावर रक्ताचा डाग बघितला आणि रडतरडत मला सांगितलं, तेव्हा कुठं मी त्याला गाडीत घालून बारामतीला नेलं.

रक्त झालं, सोनोग्राफी झाली, तुकडा काढून तपासणीला गेला, हाडांचा स्कॅन झाला. प्रोस्टेटचा कॅन्सर. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं की लघवीच्या पिशवीखाली प्रत्येक पुरुषाला अशी एक ग्रंथी असते. दादा चित्राकडं बघत म्हणाला की सदुसष्ट वर्षं झाली, मला कुणी बोललं नाही. रोग मणक्याच्या हाडात गेला होता, म्हणून चौथी स्टेज. मात्र तीन महिन्यांनी एक सुई घ्यायची, त्यानं असे बरेच लोक वर्षानुवर्षं हिंडून-फिरून राहतात, असं डॉक्टर म्हणाले. तुमचं नक्की किती, ते आज सांगता येत नाही. तेच कळावं म्हणून आम्ही अभ्यास करतोय.

डॉक्टरांना सांगता येत नव्हतं, पण आमच्या पाहुण्यांना येत होतं. आठवडाभर घरात चहाचं पातेलं गॅसवरून उतरलं नाही. मुलगा कितवीला आहे विचारावं तसं प्रत्येकजण आल्याआल्या कितवी स्टेज विचारायचा, आणि चौथी म्हटलं की मान हलवून आपापला निकाल द्यायचा. मोरगावकडच्या मेहुण्यांनी सहा महिने दिले. एका चुलत सासऱ्यांनी पुढची संक्रांत दिली. एक निवृत्त कंपाउंडर जरा उदार होते, त्यांनी दीड वर्ष दिलं, पण वांगं बंद केलं. हे सगळं दादाच्या पुढ्यात, त्याच्याच कॉटवर बसून, त्याच्याच ताटातली भजी खात चालायचं. एकाला मी उठवून दारापर्यंत पोचवलं. त्यावरून तो आजही माझ्याशी बोलत नाही, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

अभ्यास म्हणजे काय, ते बारामतीच्या डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं होतं. नवं औषध कुणावर करून बघायचं नव्हतं. आपल्या भागातले असे रोगी सुई सुरू केल्यावर कसे राहतात, कुणाला ती जास्त दिवस लागू पडते, कुणाला कमी, आणि आधीच ओळखू येईल अशी काही खूण सापडते का, हे बघायचं होतं. सुई इंदापूरच्या डॉक्टरांकडंच घ्यायची. बारामतीला फक्त दर तीन महिन्यांनी येऊन रक्त, वजन आणि चार पानांची प्रश्नावली. तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडमनी संमतीचा कागद शब्दन् शब्द वाचून दाखवला. मनात आलं तर कधीही बाहेर पडता येईल, असंही सांगितलं. दादानं सगळं ऐकून घेतलं, सही केली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "म्हंजी सभासद झालो म्हणायचं की."

मी हसलो. तिथंच चुकलं. कारण तो चेष्टेनं बोलत नव्हता. आयुष्यभर तो ज्या-ज्या कशाचा सभासद झाला होता, कारखाना, सोसायटी, दूध संघ, तिथं सभासदाचं काम एकच होतं: बोलावलं की जायचं, सही करायची, चहा प्यायचा आणि परत यायचं. हजेरी लागली पाहिजे, पुढचं काय ते वरची माणसं बघतात. बारामतीच्या दवाखान्याचंही त्यानं डोक्यात हेच लिहून घेतलं. आणि मी, सगळा कागद ऐकलेला आणि समजलेला माणूस, त्याच्या डोक्यातलं खोडायला गेलो नाही.

रक्तातलं जे मोजायचे त्याला पीएसए म्हणतात. आकडा वर गेला तर रोग जागा, खाली आला तर सुई लागू, असा सरळ हिशोब. रोग सापडला तेव्हा दादाचा आकडा ऐंशीच्या घरात होता. तीन महिन्यांनी पहिल्या हजेरीला तो चोवीस झाला. डॉक्टर खूश झाले, आम्ही खूश झालो. दादाची कंबर हलकी झाली. तो परत मिरचीच्या शेडमध्ये दिसायला लागला.

दुसरी हजेरी जानेवारीत आली, आणि नेमक्या त्याच दिवशी आमच्या उसाला तोड आली.

हे ज्याला कळत नाही त्यानं उसाच्या गावात राहून बघावं. सोळा महिने सांभाळलेला आडसाली ऊस. महिनाभर कारखान्याच्या शेतकी खात्याच्या माणसाच्या मागं हिंडून आलेली तोड. तोडणाऱ्यांची टोळी उसाच्या फडात उतरल्यावर मालक बांधावर पाहिजे म्हणजे पाहिजे. नाहीतर तोडणारे वाकायचा कंटाळा करून जमिनीलगत वीतभर बुडखा ठेवतात, आणि सगळी गोडी बुडख्यात असते. मी उभा राहिलो असतो, पण माझं तिथं कुणी ऐकत नाही. आधीच्या हंगामात मी उभा राहिलो होतो. टोळीला मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर चांगलं बोललो होतो, आणि त्यांनी हातभर बुडखे ठेवले होते.

दादानं सकाळी गोठ्यात उभ्याउभ्याच वाटणी केली. "मी फडात जातो. तू बारामतीला जाऊन ये माझ्या नावानं. नुसतं रक्त तर द्यायचं हाय."

मी म्हणालो, दादा, रक्त तुझं द्यायचंय.

"मग? एकाच आईबापाचं हाय. दोघांचा गट बी एकच हाय, कारखान्याच्या शिबिरात कार्ड दिल्यालं हाय की."

मी हेडमास्तर माणूस. रक्तगट म्हणजे काय, हे सातवीला शिकवलेलं. त्यावेळी दोन वाक्यांत समजावून सांगता आलं असतं. पण तिकडं टोळीचा मुकादम फोनवर ओरडत होता, दादा पायात चप्पल घालत होता, आणि तारीख चुकली तर अभ्यासातून नाव कमी होईल अशी मला उगाच धास्ती होती. एक फोन केला असता तर मॅडमनी तारीख आठवडाभर पुढं ढकलून दिली असती. हे मला फार नंतर कळलं. आमच्याकडं तारखेला कुणी विचारत नसतं, ती आपली गाठायची असते. मी फाईल घेतली, दादाची टोपी घातली आणि गाडी काढली.

दवाखान्यात मॅडम रजेवर होत्या. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी कार्डावरचा फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं. तेच नाक, तीच टोपी. नाव विचारलं, मी दादाचं सांगितलं. सही मागितली, मी दादाची केली, वीस वर्षं करतोय. वजन केलं तर मागच्यापेक्षा नऊ किलो जास्त भरलं. बाई म्हणाल्या, छान, तब्येत धरलीय. मला मनातल्या मनात हसू आलं.

मग ती प्रश्नावली. भूक कशी आहे? चांगली. झोप? तुटक. कंबर दुखते का? नाही. जिना चढताना दम लागतो का? लागतो. रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं? चार वेळा. प्रश्न दादाला होते आणि उत्तरं मी माझी देत होतो. खोटं बोलायचं तरी नीट बोलावं, त्यालाही जरा तयारी लागते. मला वाटलं कशाला उगाच काहीतरी बनवून सांगा, आपलं खरं आहे ते सांगावं. एवढ्यापुरती माझी सचोटी शिल्लक होती.

दोन दिवसांनी फोन आला. आकडा सहा. डॉक्टर स्वतः बोलले. म्हणाले की फार सुंदर रिझल्ट आहे, वजन वाढलंय, कंबर थांबलीय, आकडा चोवीसचा सहा झालाय. घरात पुरणपोळी झाली. दादा दोन पोळ्या तूप घालून खात वहिनींना म्हणाला, बघ, मी सांगत होतो. तो पोळी मन लावून खात होता. फाईल त्याची, तर आकडा त्याचा, त्यात त्याला काही शंकाच नव्हती. आणि माझ्या मनात काय होतं? खरं सांगतो, काही नव्हतं. ऊस गेला, हजेरी लागली, दोन्ही कामं झाली, एवढंच होतं. मी तीन पोळ्या खाल्ल्या.

एप्रिलमध्ये दादा स्वतः गेला, मी बरोबर. यावेळी मॅडम होत्या. वजन नऊ किलोनं उतरलेलं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. आठवड्यानं आम्हाला परत बोलावलं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडं वळवला. त्यावर एक रेघ होती. ऐंशीवरून खाली चोवीसवर, चोवीसवरून खाली सहावर, आणि तिथून वर चढून नऊवर.

डॉक्टर फार हळू आवाजात बोलले. आकडा परत वाढायला लागलाय. वजनही झपाट्यानं उतरलंय. याचा अर्थ सुई लागू पडायची थांबली असावी, आणि इतक्या लवकर थांबते तेव्हा पुढचं तितकंसं चांगलं नसतं. सुई चालूच ठेवा, तीन आठवड्यांनी रक्त परत बघू, हाडांचा स्कॅन परत करू, मग जास्त कडक औषधाचा विचार करू. मग ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले की तुमच्यासारखा भाऊ प्रत्येक पेशंटला मिळाला पाहिजे, एक तारीख चुकवली नाहीत.

मी पडद्याकडं बघत होतो. तो मधला ठिपका, सहावरचा. तो दादा नव्हताच. तो मी होतो. ते नऊ किलो माझ्या पोटाचे होते. मधला ठिपका बोटानं झाकला तर रेघ सरळ खाली येत होती, ऐंशी, चोवीस, नऊ. दादाला सुई लागू पडत होती. हे एवढं मला लख्ख दिसलं आणि माझं तोंड उघडलं नाही. समोर डॉक्टर माझं कौतुक करत होते, बाजूला मॅडम मान डोलवत होत्या, आणि मी बत्तीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस. आपण लबाडी केली हे म्हणायला मला लाज वाटली. भावाच्या जिवापेक्षा मला त्या खोलीतली माझी पत मोठी वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

गाडीत बसल्यावर दादानं फाईल मागच्या सीटवर टाकली. मग म्हणाला, "लागू न्हाय तर कशाला टोचून घ्यायचं? बास झालं आता."

त्याच आठवड्यात इंदापूरची सुईची तारीख होती. तो गेला नाही. मी डोकं आपटलं, वहिनींनी जेवण सोडलं, तो हलला नाही. उलट त्यानं दुसरंच सुरू केलं. रोज सकाळी मला विहिरीवर न्यायचा आणि मोटर चालू करायला शिकवायचा. स्टार्टरचं कोणतं बटण आधी, फेज गेली तर काय करायचं, ठिबकचा कुठला व्हॉल्व्ह कुठल्या पट्ट्याला जातो. मी चुकलो की म्हणायचा, असू दे, परत कर. असा शांत मास्तर मी जन्मात कधी झालो नव्हतो. चौथ्या दिवशी तो मला मिरचीच्या फवारणीचं वेळापत्रक सांगत होता आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी त्याला खरं सांगितलं. म्हणालो, दादा, तो मधला आकडा माझा होता, तुझी रेघ वर गेलेलीच नाही. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. मी कागदावर आकडे मांडून दाखवले. तो म्हणाला, "रेघ वर गेल्याली मी डोळ्यानं बघितली. डॉक्टरापेक्षा तुला जास्त कळतं व्हय?" आणि वर, तुझं सहा आलं तर माझंही तेवढंच आलं असतं, गट एक आहे, हे होतंच. माझ्या शब्दाला घरात किती वजन आहे ते मला त्या दिवशी कळलं. तीन आठवडे हे असं चाललं. परत रक्त द्यायची तारीखही त्यानं घालवली. त्याला पटवू शकेल असा एकच माणूस होता, डॉक्टर, आणि त्यांच्यापुढं जाऊन मला सगळं कबूल करावं लागणार होतं.

एका सोमवारी घरात काही न सांगता मी बारामतीला गेलो. डॉक्टरांच्या खोलीत मॅडमही होत्या. बसलो आणि आधी उसाबद्दल बोललो. मग टोळीबद्दल बोललो. बुडख्यांबद्दल बोललो. डॉक्टर सभ्य माणूस, ऐकत होते, पण त्यांना काही केल्या उमगेना की उसाच्या बुडख्याचा आणि कॅन्सरचा संबंध काय. शेवटी मी म्हणालो, "जानेवारीतलं रक्त माझं आहे. दादाच्या जागी मी आलो होतो."

मॅडमनी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता ओरडतील, आणि खरं म्हणजे ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, गुरुजी, आम्ही तुमच्या भावाचं औषध बदलायला निघालो होतो. एवढंच म्हणाले. मग कॉम्प्युटरकडं वळून त्यांनी तो ठिपका काढला. रेघ सरळ झाली. ऐंशी, चोवीस, नऊ. त्यानं सुई सोडलीय, हेही मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, उतरतोय की. सुई उत्तम लागू पडतेय. जे झालं ते आम्हाला वर लेखी कळवावं लागेल, ती आमची कटकट, पण तुमच्या भावाला उद्याच्या उद्या सुई द्या आणि इकडं घेऊन या.

मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो. दारापर्यंत गेलोही. मागनं डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, बसा जरा."

मी बसलो. त्यांनी जानेवारीची फाईल काढली होती. विचारलं, मग हा सहा तुमचा? मी हो म्हणालो. वय? एकसष्ट. प्रश्नावलीच्या कागदावर त्यांनी बोट फिरवलं. रात्री चार वेळा उठता, हे पण तुमचंच? मी परत हो म्हणालो. वर्गात उभं केलेल्या पोरासारखं वाटत होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दादा सुईवर होता, म्हणून त्याचा सहा म्हणजे आनंद. मी कसल्याही औषधावर नाही, माझा सहा म्हणजे तपासायला पाहिजे. वयानं ग्रंथी सुजते, त्यानंही आकडा वाढतो, तेच असेल कदाचित. पण सख्ख्या भावाला हा रोग आहे, तेव्हा सोडून देता येणार नाही. चार महिने हा आकडा आमच्या फाईलमध्ये पडून आहे आणि आम्ही सगळे त्यावर खूश होतो, असंही ते म्हणाले. गुरुवारी या, स्वतःच्या नावानं, असंही म्हणाले, आणि मॅडमनी नवी कोरी फाईल काढली.

पुढं महिन्याभरात माझ्या तपासण्या झाल्या आणि निघायचं ते निघालं. जागच्या जागी आहे, लवकर सापडलं, असं डॉक्टर म्हणतात. मी लबाडी केली नसती तर सापडलं नसतं, हे आमचे काही पाहुणे फार कौतुकानं सांगतात. त्यांना मी हात जोडतो. त्या लबाडीपायी दादाची सुई तीन आठवडे चुकली, आणि आणखी थोडे दिवस मी गप्प बसलो असतो तर काय झालं असतं, हे त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे. पण हे नंतरचं. त्या सोमवारी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी गाडी चालवत घरी आलो आणि तडक दादाला शोधायला गेलो.

दादा मिरचीच्या शेडमध्ये होता, झाडांना दोऱ्या बांधत. मी डॉक्टरांचं अक्षर असलेला कागद त्याच्यापुढं धरला. तुझी सुई लागू पडतेय, रेघ खाली जातेय, डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलंय, असं एका दमात सांगितलं. त्यानं हात धोतराला पुसले, कागद घेतला आणि लांब धरून सावकाश वाचला. त्याचा चेहरा उजळला असं मी लिहिणार होतो, पण तसं झालं नाही. त्याला लगेच दुसरंच कळलं.

"मग ते सहा तुझं व्हय?"

मी हो म्हणालो. त्यावर डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, काही न लपवता. दादा सरीतच खाली बसला. रोग सापडला त्या दिवशीही तो असा बसला नव्हता. हातातल्या कागदाची त्यानं बारीक घडी घातली. मग विचारलं, "माझ्यापासनं लागलं का रं तुला?"

मी म्हणालो, दादा, हे असं लागत नसतं. भाऊ आहोत एवढंच. त्याला ते पटलं की नाही, कोण जाणे. त्यानं एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि तिथंच ठेवला. लहानपणी ताप आला की ठेवायचा तसा. मग म्हणाला, सुईची तारीख जाऊन किती दिवस झाले? मी सांगितलं, तीन आठवडे.

"सकाळी इंदापूरला चल. घेतो मी सुई." उठताना त्यानं माझ्याच खांद्याचा आधार घेतला. "तुझ्या तपासण्या चालू हुत्याल. तुझ्यासंगं यायला मी नको का?"

मला रडू कोसळलं. दादानं मला तिथं रडू दिलं आणि पुढच्या झाडाला दोरी बांधायला घेतली.